किशोरवयीन कामगारांची परिवीक्षाकाळातील सेवासमाप्ती

किशोरवयीन कामगाराची परिवीक्षाकाळातील सेवासमाप्ती म्हणजे १४ वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला कामाच्या चाचणी-कालावधीत कामावरून कमी करणे होय. भारतात या विषयावर स्वतंत्र असा एकच कायदा नाही. बालकामगारविषयक कायदा, करार कायदा, वेतनविषयक कायदे, औद्योगिक कायदे आणि न्यायालयांचे निर्णय यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात. अशा कामगाराची बाजू दोन कारणांनी दुबळी असते : तो परिवीक्षाधीन असल्याने त्याला नोकरीची शाश्वती नसते आणि तो कायद्याने अज्ञान असल्याने त्याचा करार सामान्यतः अंमलात आणता येत नाही. तथापि केलेल्या कामाचे वेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि अनुचित कामगार प्रथांपासूनचे संरक्षण हे हक्क कायद्याने दिलेले असल्याने ते परिवीक्षेवर किंवा सज्ञानतेवर अवलंबून नसतात. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील दरेकसा (जिल्हा गोंदिया) यांसारख्या गावांत राज्याच्या सीमेमुळे लागू होणारा कायदाही बदलू शकतो.

संज्ञा

परिवीक्षा म्हणजे नव्या कर्मचाऱ्याची योग्यता पारखण्यासाठी ठरवलेला काळ. या काळात असलेल्या कर्मचाऱ्यास परिवीक्षाधीन म्हणतात. व्यवहारात ‘प्रोबेशनवर असणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. सेवासमाप्ती आणि बडतर्फी हे शब्द समानार्थी नाहीत. काम समाधानकारक न वाटल्यामुळे नोकरी पुढे चालू न ठेवणे ही साधी सेवासमाप्ती असते, तर गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही बडतर्फी असते. करार कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हटले जाते, तर बालकामगारविषयक कायद्यात १४ ते १८ या वयोगटासाठी ‘किशोरवयीन’ ही संज्ञा आहे.

वय आणि कामाचे तास

बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करणे आणि बालकलाकार म्हणून काम करणे हे यास अपवाद आहेत. किशोरवयीन व्यक्तीस खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. या मनाईचा भंग करणाऱ्या मालकास ६ महिने ते २ वर्षे कारावास किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

धोकादायक नसलेल्या कामांत किशोरवयीन व्यक्ती काम करू शकते. त्यासाठी कायद्याने पुढील मर्यादा घातल्या आहेत :

- सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही. त्यानंतर किमान १ तास विश्रांती.
- विश्रांती धरून कामाचा एकूण कालावधी दिवसाला ६ तासांपेक्षा जास्त नाही.
- सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही.
- जादा वेळ काम नाही.
- आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी.

सेवासमाप्तीच्या वादात या मर्यादांना महत्त्व असते. रात्री ९ वाजेपर्यंत थांबण्यास नकार दिला म्हणून सतरा वर्षांच्या मुलास काढले, तर मुळात ते काम सांगणेच बेकायदेशीर असल्याने त्याच्या नकारास आज्ञाभंग ठरवणे कठीण असते. तसेच बेकायदेशीर रीतीने कामावर ठेवलेल्या मुलास काढून टाकल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. अशा प्रकरणांत वसूल झालेला दंड जिल्ह्याच्या पुनर्वसन निधीत जमा होतो आणि प्रत्येक बालक वा किशोरवयीन व्यक्तीमागे शासन त्यात १५,००० रुपयांची भर घालते.

परिवीक्षाकाळाचे स्वरूप

परिवीक्षेचा काळ सामान्यतः नियुक्तीपत्रात नमूद असतो. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालील केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत, कायम स्वरूपाच्या रिक्त जागेवर तात्पुरता नेमलेला आणि तीन महिन्यांची सेवा पूर्ण न केलेला कामगार परिवीक्षाधीन मानला होता. अशा कामगारास काढताना पूर्वसूचना किंवा सूचनेऐवजी वेतन देणे बंधनकारक नव्हते. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमातही सूचनेचा हक्क तीन महिन्यांपेक्षा अधिक सलग सेवेनंतरच मिळत असे : एक वर्षापेक्षा कमी सेवा असल्यास १४ दिवसांची आणि एक वर्ष वा अधिक सेवा असल्यास ३० दिवसांची लेखी सूचना. हा कायदा पुढे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने निरसित झाला.

औद्योगिक कायद्यातील कामगारकपातीचे संरक्षण, म्हणजे एक महिन्याची सूचना आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, एक वर्षाच्या सलग सेवेनंतर लागू होते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असल्यास सेवा सलग मानली जाते. सुटीपुरते काम करणारा विद्यार्थी ही मर्यादा क्वचितच गाठतो. मात्र केवळ अर्धवेळ काम करतो म्हणून एखादी व्यक्ती या संरक्षणाबाहेर जात नाही. अर्धवेळ काम करणारी व्यक्तीही ‘कामगार’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध ए. शंकरलिंगम या प्रकरणात मान्य केले.

साधी सेवासमाप्ती की शिक्षा

परिवीक्षाधीन व्यक्तीला नोकरीवर राहण्याचा हक्क नसतो, पण तिच्यावर ठपका ठेवून, तिचे म्हणणे न ऐकता तिला काढता येते का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परशोत्तमलाल धिंग्रा विरुद्ध भारत सरकार (१९५७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सेवाशर्तींनुसार केलेली समाप्ती आणि शिक्षा म्हणून केलेली समाप्ती यांत भेद केला. समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७४) या प्रकरणात आदेशाच्या शब्दांपेक्षा त्यामागील वस्तुस्थिती पाहिली गेली.

अनुप जयस्वाल विरुद्ध भारत सरकार (१९८४) हे प्रकरण प्रशिक्षणार्थी पोलीस अधिकाऱ्याचे होते. पावसाळी सकाळी काही प्रशिक्षणार्थी सरावास उशिरा पोहोचले आणि त्याला या प्रकाराचा सूत्रधार समजून सेवामुक्त करण्यात आले. आदेशात ठपक्याचा उल्लेख नव्हता. तरीही त्याचा खरा आधार गैरवर्तनाचा आरोप असल्याने, आणि चौकशी न झाल्याने, न्यायालयाने तो रद्द केला. दीप्तीप्रकाश बॅनर्जी विरुद्ध सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्र (१९९९) या निर्णयात आरोप हा केवळ ‘हेतू’ होता की आदेशाचा ‘पाया’ होता, अशी कसोटी स्पष्ट करण्यात आली.

हे निर्णय शासकीय सेवा व सार्वजनिक संस्थांशी संबंधित आहेत. शासकीय सेवकांना संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण असते. खासगी दुकानातील वा कारखान्यातील कामगारास ते नसते. त्याचे संरक्षण कामगार कायद्यांतून येते. चोरीसारखा आरोप ठेवून काढणे आणि ‘काम समाधानकारक नाही’ म्हणून काढणे यांतील फरक मात्र तेथेही महत्त्वाचा ठरतो.

अज्ञान व्यक्तीचा करार : राजराणी विरुद्ध प्रेम अदीब

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. त्याचा नोकरीवर होणारा परिणाम मुंबई उच्च न्यायालयाच्या राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या निर्णयात दिसतो. अज्ञान असलेल्या एका अभिनेत्रीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपटनिर्मात्याशी करार केला होता. तिची भूमिका दुसऱ्या कलावंताला देऊन करार संपुष्टात आणल्यावर तिने नुकसानभरपाईचा दावा केला. प्रतिवादी प्रेम अदीब हे ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटातील रामाच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध असलेले अभिनेते होते.

न्यायालयाने दावा मान्य केला नाही. अज्ञान मुलीने दिलेले काम करण्याचे वचन कायद्याच्या दृष्टीने प्रतिफल ठरत नाही. त्यामुळे मुलगी किंवा वडील, कोणालाही त्या कराराच्या आधारे भरपाई मागता येत नाही, असे ठरले. इंग्लंडच्या कायद्यात अज्ञानाच्या हिताचा सेवाकरार बंधनकारक मानला जातो, भारतीय कायद्यात तसे नाही. ‘मला सहा महिन्यांसाठी ठेवले होते, दोन महिन्यांतच काढले’ अशी उरलेल्या चार महिन्यांच्या वेतनाची मागणी करणाऱ्या किशोरवयीन कामगारापुढे हीच अडचण उभी राहते. मात्र हा निर्णय पुढील काळाच्या भरपाईचा आहे. आधीच केलेल्या कामाच्या मोबदल्याचा प्रश्न वेगळा आहे.

थकीत वेतन

वेतन देण्याचे कर्तव्य कायद्यातून येत असल्याने अज्ञानाच्या कराराची अडचण तेथे आड येत नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार मालकाने काढून टाकलेल्या कामगारास दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी वेतन देणे आवश्यक होते. वेतन संहिता, २०१९ मध्ये हीच दोन कामकाजी दिवसांची मुदत असून ती राजीनाम्यासही लागू आहे. ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. थकीत रकमेच्या मागणीसाठी तीन वर्षांची मुदत असून कामगाराखेरीज कामगार संघटना किंवा निरीक्षकही अर्ज करू शकतो. १९८६ चा बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम या संहितांत विलीन झालेला नाही.

महाराष्ट्रातील तरतूद

महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीनुसार सूडबुद्धीने, सद्भावनेचा अभाव असताना, उघडपणे खोट्या कारणावरून किंवा किरकोळ चुकीबद्दल अतिप्रमाणात शिक्षा म्हणून कामगारास काढणे ही अनुचित प्रथा आहे. घटनेपासून ९० दिवसांच्या आत कामगार न्यायालयात तक्रार करावी लागते.

दरेकसा परिसर

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील गाव हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गाच्या गोंदिया–दुर्ग भागात, छत्तीसगडच्या सीमेजवळ आहे. परिसर वनाच्छादित असून हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कचारगड जवळच आहेत; कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास मोठी यात्रा भरते. भातशेती, तेंदूपत्ता व मोहफुलांचे संकलन ही या भागातील हंगामी कामे होत. विडी वळणे हे १९८६ च्या मूळ कायद्याच्या अनुसूचीतही बालकांसाठी निषिद्ध काम होते. भातगिरणीसारख्या कारखान्यांत वयाबरोबरच आरोग्य व सुरक्षिततेचे नियम पाळावे लागतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हमी दिली ती प्रौढांना, त्यामुळे १८ वर्षांखालील मुलांना हा पर्याय उपलब्ध नव्हता.

अशा गावात कामाचे ठिकाण कोणत्या राज्यात आहे हे आधी पाहावे लागते. केंद्रीय कायदे दोन्ही बाजूंना सारखे असले, तरी दरेकसा येथील मुलगा लोहमार्गाने पुढे छत्तीसगडमधील डोंगरगड येथे दुकानात कामास असेल, तर महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम त्याला लागू होत नाही आणि दुकानांविषयीचा कायदाही छत्तीसगडचा असतो. लेखी नियुक्तीपत्र नसल्यास हजेरीची नोंद, वेतन जमा झाल्याची बँकेतील नोंद, मोबाईलवरील संदेश आणि सहकाऱ्यांची साक्ष यांवरून काम केल्याचे सिद्ध करता येते. बालकामगारांविषयीची तक्रार १०९८ या मदत क्रमांकावर किंवा केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या ‘पेन्सिल’ या संकेतस्थळावर नोंदवता येते.

शिकाऊ उमेदवारीशी तुलना

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांत ते १८ आहे. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक करारावर सही करतो आणि हा करार कायद्याने मान्य असतो. करार मुदतीपूर्वी संपवण्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या व्यक्तीला तोंडी ठरवलेल्या अर्धवेळ नोकरीपेक्षा नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीत अकाली काढले जाण्यापासून अधिक संरक्षण मिळते.