शिमग्याला गरवण्याची स्पर्धा ठेवताय? आधी तळ्याचा हिशोब बघा



काजू वेचणी तोंडावर आहे, आंब्याच्या फवारण्या चालू आहेत, आणि आज माशांवर मेसेज कसा, असं वाटेल. पण शिमग्याला चाकरमानी येतील, मागोमाग मे महिन्याची सुट्टी. गेल्या आठवड्यात तीन सभासदांनी एकच प्रश्न विचारला: "मॅडम, आमच्या शेततळ्यार गरवूची स्पर्धा ठेवली तर चलात मा?"

चालेल. मजा येते, गावातली पोरं एकत्र येतात आणि तळ्याची बरीच माहितीही मिळते. पण गेल्या मे महिन्यात अशाच एका स्पर्धेत माझ्याकडून चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज जरा लांब लिहिते आहे. वेळ काढून वाचा.

*त्या दिवशी काय झालं*

आपल्या एका सभासद काकांचं शेततळं, २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं. आदल्या पावसाळ्यात ३०० बोटुकली सोडलेली: कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस. सकाळी सातला १२ जण गऱ्या घेऊन हजर. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. वेळ सात ते अकरा, आणि ज्याच्या माशांचं एकूण वजन जास्त तो पहिला.

मासे जवळ यावेत म्हणून प्रत्येकाने पेंड आणि कोंडा भिजवून आणला होता. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आणा दोन-दोन किलो." पहिला अर्धा तास काहीच नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला, "बूच गेला रे!" आणि पुढे अकरापर्यंत कोणाचं चहाकडे लक्ष नव्हतं. ३१ मासे लागले, एकूण वजन १८ किलो ६०० ग्रॅम. मोठे काकांनी विकायला ठेवले, लहान परत सोडले. सगळे खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काकांचा फोन. "मॅडम, मासे सगळे वर इलेत, तोंडां उघडतत. बेगीन येवा."

*चूक कुठे झाली*

हिशोब करून बघा. ३१ माशांचे १८.६ किलो, म्हणजे सरासरी ६०० ग्रॅमचा मासा. सोडलेल्या ३०० पैकी २०० जगले असं धरलं तर तळ्यात साधारण १२० किलो मासा होता. एवढ्या माशाला रोज वजनाच्या २ टक्के, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम खाद्य पुरतं. आम्ही १२ जणांनी दोन-दोन किलो टाकलं. झालं २४ किलो. *दहा दिवसांचं खाद्य एका सकाळी.*

मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली पेंड तळाला बसून कुजू लागली. कुजताना ती पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. दिवसा हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, म्हणून संध्याकाळपर्यंत काही कळत नाही. रात्री ते शेवाळही मासे आणि किड्यांसारखा प्राणवायू वापरतं. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात मे महिना. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, आणि पाणीही निम्म्यावर आलेलं.

विहिरीचा पंप चालू केला. पाइपाचं तोंड उंच बांधून पाणी फवाऱ्यासारखं तळ्यात पाडलं. नऊनंतर मासे खाली गेले. तोवर १७ मासे मेले होते. काका मला एक शब्द बोलले नाहीत. पण मासे त्यांचे, खर्च त्यांचा, आणि सल्ला माझा होता.

*पण त्याच दिवसाने एक फायदाही दिला*

काका तेव्हा रोज अंदाजाने घमेलं भरून खाद्य टाकायचे. मोजलं तर ते पाच किलो भरलं, गरजेच्या दुप्पट. स्पर्धेत वजनं लिहून ठेवली नसती तर हे कळलंच नसतं. म्हणून स्पर्धा ठेवा अगर ठेवू नका, महिन्यातून एकदा २०-२५ मासे काढून वजन करा आणि खाद्य त्याप्रमाणे ठरवा.

एक मात्र लक्षात ठेवा. गरीला लागलेले मासे म्हणजे अख्खं तळं नव्हे. आमच्या ३१ मध्ये बहुतेक मृगळ आणि सायप्रिनस होते, कारण ते तळाला चरतात आणि आमच्या गऱ्या तळाला होत्या. रोहू मधल्या थरात असतो, कटला वरच्या. कटला लागला नाही म्हणजे तो मेला, असं समजू नका. खरी सरासरी हवी तर पागानेही मासे काढून बघा.

*दुसरीकडे हे कसं चालतं*

पवईला राहणाऱ्या चाकरमान्यांना माहीत असेल. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गरवणाऱ्यांची जुनी संस्था आहे. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत तिथे रुळली आहे. इंग्लंडमध्ये तर कार्पच्या तळ्यांवर नेहमी स्पर्धा होतात. चिठ्ठीने जागा, शिट्टी झाली की सुरुवात, पकडलेले मासे पाण्यातच लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करून सगळे परत सोडायचे. तिथल्या नद्यांत १५ मार्च ते १५ जून या प्रकारची मासेमारी बंद असते, कारण माशांची वीण सांभाळायची असते. आपल्यालाही ही शिस्त घेण्यासारखी आहे.

*स्पर्धा ठेवणार असाल तर*

१) *पाणी कोणाचं ते बघा.* स्वतःच्या शेततळ्यात तुम्ही मालक. ओसरगावसारखा तलाव, धरण किंवा गावतळं असेल तर आधी विचारा. असे तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यातला मासा संस्थेचा असतो.

२) *चारा मोजून.* एका गरीला पाव किलोच्या वर नाही. १२ जणांचे तीन किलो झाले, म्हणजे त्या दिवशीचं नेहमीचं खाद्य बंद आणि दुसऱ्या दिवशीही निम्मंच.

३) *वेळ.* ऊन वर आल्यावर, आठ ते अकरा. आभाळ भरलेलं असेल किंवा पहाटे मासे वर तोंड काढत असतील तर स्पर्धा रद्द. पाहुणे आलेत म्हणून रेटू नका. मे महिन्यात पाणी अर्ध्याखाली गेलं असेल तरीही नको. शिमग्याची वेळ त्या मानाने बरी.

४) *प्लास्टिक सांभाळा.* गरी मागे फेकताना अस्तरात अडकली तर भोक पडतं, आणि एका भोकाने मे महिन्याचं पाणी जातं. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासाही पटकन सुटतो, अस्तरही वाचतं. तुटलेल्या गऱ्या मोजून गोळा करा.

५) *माणूस सांभाळा. हे सगळ्यात महत्त्वाचं.* ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही स्वतःहून वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडा. टायरची हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवा. लहान मुलं कुंपणाच्या बाहेर. दारू पिऊन आलेल्याला गरी द्यायची नाही, मग तो घरातला का असेना.

६) *मासा धरताना हात ओले.* कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशी लागून मरतो. ओल्या जाळीत वजन करा, लगेच पाण्यात सोडा. गरी कल्ल्यात खोल गेली असेल तर तो मासा सोडू नका, कालवणाला घ्या.

७) *बाहेरून मासे आणून सोडू नका.* विशेषतः आफ्रिकन मांगूर. त्याच्या संवर्धनावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली आहे. तो तुमचे बाकीचे मासेही खाईल.

*आणि पावसाळ्यात?*

पहिल्या पावसाला गड आणि जानवली नद्यांतून, व्हाळांतून मासे वर चढतात. ते चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. बॅटरी आणि कोयती घेऊन जाण्याची आपली जुनी सवय आहे, मीही लहानपणी गेले आहे. पण एक मादी मारली की तिची हजारो अंडी गेली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तसे पहिले काही पूर तरी व्हाळ सोडून द्या.

तळ्यातल्या कटला-रोहूचं निराळं. ते साठलेल्या पाण्यात वीण देत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, म्हणून आज आपल्याला बोटुकली विकत मिळतात. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस त्यासाठीच. म्हणजे तळ्यातला मेलेला प्रत्येक मासा पुन्हा विकतच आणावा लागतो.

स्पर्धा ठरवली तर दोन दिवस आधी मला फोन करा. तळ्याची लांबी-रुंदी, सोडलेली बोटुकली आणि रोज टाकता ते खाद्य, एवढं सांगा. चारा किती आणायचा ते या वेळी मोजून सांगेन.

काकांच्या तळ्यावर यंदाही स्पर्धा आहे. दोर बांधून झालेत. चारा एका डब्यात, वजन करून, काका स्वतः वाटणार आहेत.

*आपली,*
*कृषी सल्लागार, कणकवली*
(मेसेज तळं असलेल्या शेजाऱ्यालाही पाठवा.)