संगणकावरील मराठी लेखन आणि त्यांतील बिघाड

पिंपरी-चिंचवडच्या उत्तर अंगास, इंद्रायणीच्या अलीकडे, चिखली हा भाग आहे. कारखान्यांतील नोकरी संपवून स्वस्थ झालेले गृहस्थ तेथील घराघरांतून पुष्कळ आढळतात आणि त्यांपैकीं कित्येकांना लिहिण्याची हौस असते. यंत्रशाळेंतील आठवणी, वारीचें वर्णन, नातवंडांसाठीं गोष्टी, असें कांहींना कांहीं ते घरच्या संगणकावर लिहितात व अनुदिनीच्या रूपानें दूरच्या आप्तांपर्यंत पोंचवितात. अशा एखाद्या गृहस्थानें पंधरा-वीस वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली फाईल आज उघडावी आणि मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग पुढें उभी राहावी, असें वारंवार घडतें. लिखाण नासलें असें समजून ती फाईल पुसून टाकणारेहि भेटतात. बहुतेक वेळां खरें नुकसान होतें तें त्या पुसण्यानेंच.

हें कां घडतें तें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतो तो केवळ आंकडा. आरंभींच्या फाँटांत अशा आंकड्यांसाठीं फक्त २५६ जागा असत. त्यामुळें रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे, म्हणजे कोठें काना, कोठें अर्धा क, कोठें वेलांटी, बसवून काम भागविलें जाई. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था, त्याच शहरांतील श्रीलिपीचे कर्ते आणि इतर अनेकांनीं या काळांत मराठी मुद्रणाची मोठी सोय केली. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें इस्की नांवाची संकेतावलीहि ठरविली. परंतु छपाईंत आणि घरगुती वापरांत प्रत्येक फाँटाचा हिशेब निराळाच राहिला. फाँट गेला कीं वाचन गेलें, अशी ती व्यवस्था होती.

युनिकोडनें हा घोळ मिटविला. त्याची पहिली आवृत्ति १९९१ ची. त्यांत प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५, मग फाँट कोणताहि असो. विंडोज २००० पासून मंगल या फाँटासह देवनागरीची सोय मिळूं लागली आणि मराठी माणसाचें संगणकावरील लेखन खऱ्या अर्थानें सुरू झालें.

आतां बिघाड कसा ओळखावा तें पाहूं. पडद्यावर साधीं रोमन अक्षरें व विरामचिन्हें दिसत असतील, तर लिखाण जुन्या फाँटांतलें आहे व तें शाबूत आहे. तो फाँट पुन्हां बसवावा किंवा रूपांतर करणारें साधन वापरावें. शिरावर तिरकस रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यामागून दोन विचित्र चिन्हें अशी त्रिकुटें दिसत असतील, तर लिखाण युनिकोडमधलेंच आहे, पण तें चुकीच्या संकेतानें वाचलें जात आहे. यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन घटकांनीं साठविला जातो. तींच हीं तीन चिन्हें. फाईल उघडतांना यूटीएफ-८ निवडलें कीं मराठी परत येते. रिकामे चौकोन दिसले तर केवळ फाँटाची उणीव आहे. टिंबांचें वर्तुळ दिसलें तर मात्रेला आधार देणारें व्यंजन सुटलें आहे किंवा एक मात्रा दोनदां पडली आहे.

परंतु ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हें दिसूं लागलीं तर मात्र गोष्ट गंभीर आहे. देवनागरीला जागा नसलेल्या संकेतांत लिखाण साठविलें गेलें, आणि यंत्रानें प्रत्येक अक्षर टाकून देऊन तेथें प्रश्नचिन्ह मांडलें, असा त्याचा अर्थ. त्या प्रतींतून मूळ शब्द कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहींत. विंडोजच्या नोटपॅडमध्यें २०१९ पूर्वीं साठवितांना संकेत आपण होऊन बदलावा लागे, आणि त्या वेळची सूचना न वाचतां पुढें गेलेल्यांचें लिखाण असेंच हातचें गेलें.

रूपांतर झाल्यावरहि डोळे मिटून विश्वासूं नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं साठवीत, युनिकोडमध्यें ती नंतर येते. रफाराचीहि तीच कथा. त्यांतून मराठीचा खास 'ऱ्य' वारंवार बिघडतो. 'आचाऱ्यांना' दक्षिणा द्यावी असें लिहावें आणि ती 'आचार्यांना' मिळावी, हा स्वयंपाक्यावर उघड अन्याय होय! इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टची कळ धरून र दाबल्यास ऱ उमटतो. त्याला हलन्त व य जोडावा. 'ॲ' हा वर्ण तर युनिकोडमध्यें २००८ सालीं आला. तत्पूर्वींच्या लिखाणांत तो 'अ' व चंद्र जोडून केलेला असतो. दोन्हीं रूपें दिसावयास सारखीं, पण शोध घेतांना यंत्र एकाला दुसरें मानीत नाहीं.

लिहून मग धाडण्यासाठीं जे कार्यक्रम आहेत त्यांत मायक्रोसॉफ्टचा लाईव्ह रायटर लोकप्रिय होता. कंपनीनें तो सोडून दिल्यावर डिसेंबर २०१५ मध्यें त्याची मूळ संहिता खुली झाली आणि ओपन लाईव्ह रायटर या नांवानें स्वयंसेवकांनीं तो पुढें चालविला. अशा कार्यक्रमांत धाडणें अडलें कीं लोक लिखाणाला दोष देतात. दोष बहुधा दाराचा असतो. २०१५ मध्यें गूगलनें प्रवेशाची जुनी पद्धत बंद केली तेव्हां लाईव्ह रायटरवाल्यांना ब्लॉगरचें दार बंद झालें. वर्डप्रेसवर अनेक ठिकाणीं सुरक्षेसाठीं एक्सएमएल-आरपीसी ही वाट मुद्दाम बुजविलेली असते. म्हणून आधीं पत्ता, मग परवलीचा शब्द, मग ही वाट, या क्रमानें तपासावें. या कार्यक्रमांतील कच्चे खर्डे आपल्याच संगणकावर, त्याच्या स्वतःच्या प्रकारच्या फाईलींत राहतात. इतर कार्यक्रमांत त्या सहजासहजीं उघडत नाहींत. तेव्हां मजकुराची एक साधी प्रत निराळी ठेवणें बरें. चिखलीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या देहूस तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनीं डोहांतून वर आल्या अशी श्रद्धा आहे. संगणकाच्या तबकडीविषयीं तसा भरंवसा धरतां येत नाहीं.

जाणत्या वापरणाऱ्यांकडे मदत मागतांना 'मराठी दिसत नाहीं' एवढेंच कळविल्यास उत्तर मिळणें कठीण. फाँटाचें नांव, कार्यक्रमाची आवृत्ति आणि बिघडलेल्या मजकुराच्या दोन ओळी द्याव्या. पडद्याचें चित्र सोबत असावें, पण ओळींऐवजीं नव्हे, कारण चित्रांतून आंकडे वाचतां येत नाहींत. आणि दुरुस्तीचा कोणताहि प्रयोग मूळ फाईलवर न करतां तिच्या प्रतीवर करावा.