रस्त्याचे काम दोघांचे, हिशेब मात्र लेखी

रस्त्यांच्या कामावर आपल्या समाजातील अनेक बांधव रोजी कमावतात. कुणाचा खडी क्रशर आहे, कुणाचे डंपर, कुणी मजुरांची टोळी घेऊन मोऱ्या व गटारे बांधून देतो. यांतील बरेच जण स्वतः निविदा भरत नाहीत. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली पोटठेकेदार म्हणून राबतात. काम चोख करतात, बिल वसूल करताना मात्र हवालदिल होतात. असे का होते, याचा विचार आम्हास अगत्याचा वाटतो.

रस्ता एकटा ठेकेदार बांधीत नाही. जमीन मोकळी करून देणे, परवानग्या मिळविणे, नकाशे वेळेवर देणे आणि झालेल्या कामाचे पैसे चुकते करणे ही सहसा काम देणाऱ्याची जबाबदारी. दर्जा व मुदत सांभाळणे आणि अडचण येताच कळविणे ही ठेकेदाराची. एकाने आपला वाटा चुकविला की दुसऱ्याची यंत्रे व माणसे बसून राहतात. मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण समोर आहे. पनवेल ते रायगडमधील इंदापूर या ८४ कि.मी. टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेतले गेले. भूसंपादन व वनविषयक परवानग्यांत ते रखडले, ठेकेदार कंपनीचीही आर्थिक ओढाताण झाली. कोकणवासीयांनी वर्षानुवर्षे खड्डे सोसले. अशा वेळी वरचे बिल अडले की पहिला फटका सर्वांत खालच्या माणसाला बसतो.

मग त्याने काय करावे? पहिली गोष्ट, तोंडी शब्दावर काम सुरू करू नये. दर, परिमाण, बिलाची मुदत व अनामत रक्कम परत मिळण्याची तारीख कागदावर घ्यावी. दुसरी, मोजमाप दोघांनी मिळून करावे. मुरूम व खडीचा थर डांबराखाली गेला की त्याची जाडी कोण मोजणार? थर झाकण्यापूर्वीच मोजमाप लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तिसरी, जादा काम सांगितले तर लेखी आदेश मागावा, आणि काम अडले तर त्याच आठवड्यात पत्र देऊन पोच घ्यावी. 'फिडिक'च्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात तर दाव्याची सूचना २८ दिवसांत न दिल्यास ठेकेदाराचा हक्क बुडतो.

कायद्याचाही आधार आहे. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने माल दिल्यास २००६ च्या कायद्यानुसार लेखी कराराची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर पैसे १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. खडी क्रशरवाल्या बांधवांनी ही नोंदणी अवश्य करावी.

काही जणांना कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे वाटते. परंतु पवित्र कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. तेव्हा कागद हा संशय नव्हे, तो उभयतांच्या हक्काचे रक्षण करतो. आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपण स्वतः टोळीला काम देतो तेव्हा काम देणारे आपणच असतो. वरून बिल आले नाही म्हणून मजुराची मजुरी अडविणारा वरच्याकडे कोणत्या तोंडाने न्याय मागणार?