ब्लॉकचेन : वेगही हवा, मुखत्यारीही हवी

संगणकाच्या धंद्यात शिरलेली आपली मुले हल्ली 'ब्लॉकचेन'ची भाषा बोलतात. हा प्रकार काय आहे व त्यातील खरी अडचण कोणती, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामाईक खातेवही. एकट्यादुकट्याला तीत खाडाखोड करता येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'इथेरियम'ने या वहीवर कोणालाही आपला प्रोग्रॅम चालविण्याची सोय केली. पण प्रत्येक नोंद सर्वांनी तपासायची, म्हणून कामाचा वेग कमी. डिसेंबर २०१७ मध्ये 'क्रिप्टोकिटीज' या आभासी मांजरांच्या खेळाने एवढी गर्दी केली की, इतरांचेही व्यवहार तुंबले.

यावर एक तोड म्हणजे स्वतःची वेगळी साखळी उभारणे. तेथे गर्दी नाही, नियमही आपलेच. मात्र पहारेकरीही आपणच नेमायचे. 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळासाठी 'रोनिन' ही साखळी अशीच उभी राहिली. तिच्या तिजोरीच्या किल्ल्या ९ होत्या आणि त्यांपैकी ५ जमल्या की रक्कम सुटत असे. मार्च २०२२ मध्ये चोरांनी ५ किल्ल्या मिळविल्या व ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लांबविली.

मधला मार्ग 'पॉलिगॉन'ने धरला. जयंती कनानी, संदीप नेलवाल व अनुराग अर्जुन या भारतीयांनी २०१७ साली हे काम 'मॅटिक' नावाने सुरू केले. २०२१ मध्ये नाव बदलले. व्यवहार आपल्या साखळीवर झटपट व स्वस्तात करायचे आणि त्यांचा गोषवारा ठरावीक वेळाने इथेरियमवर नोंदवायचा, ही त्यांची रीत. रोजकीर्द दुकानात, गोषवारा मोठ्या पेढीत, असे म्हणा ना! पुढे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना स्वतःची साखळी बांधून इथेरियमला जोडण्याची साधनेही त्यांनी दिली.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉलिगॉनच्या मुख्य साखळीवर रोजच्या नोंदी तपासतात ते तिचेच सुमारे १०० पहारेकरी. म्हणजे वेग वाढला, तरी भरवशाचा प्रश्न उरतोच.

या कामात उतरणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : गिऱ्हाइकाचा पैसा ही अमानत आहे. साखळीचा वेग किती, हे विचारण्याआधी किल्ल्या किती व कोणाच्या हाती, हे विचारा.