पांढऱ्या डागांची ओळख

घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड. पुणे जिल्ह्याच्या या दोन्ही तालुक्यांत उसाची शेती मोठी आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या घामेजल्या पाठीवर, मानेवर व छातीवर कित्येकदा फिकट ठिपके उमटतात. त्यांना शिबे म्हणतात. ती एका सूक्ष्म बुरशीची करामत होय. ठिपका नखाने हलकेच खरवडला, तर बारीक कोंडा निघतो. औषधाने बुरशी मरते. त्वचेचा मूळ रंग परतण्यास मात्र आणखी काही आठवडे लागतात.

मुलांच्या गालांवरील फिकट, खरखरीत चट्ट्यांचा दोष वडीलधारी मंडळी जंतांना देतात. बिचाऱ्या जंतांचा येथे काही संबंध नसतो! ते चट्टे कोरड्या त्वचेचे असून बहुधा आपोआप जातात.

कोडाचे स्वरूप निराळे आहे. रोगांशी झुंजणारी शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तो भाग दुधासारखा पांढरा होतो. डागाची कड स्पष्ट असते, त्यावर कोंडा नसतो, तेथील केसही कधी कधी पांढरे होतात. स्पर्श मात्र पूर्वीसारखाच कळतो. कोड शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. टिकलीच्या जागीच पांढरा डाग पडला, तर तिच्या गोंदातील रसायनाचाही संशय घ्यावा लागतो.

या कोडाला 'पांढरे कुष्ठ' म्हणण्याची रीत पडली आणि त्या एका नावाने केवढा अनर्थ केला! त्यापायी ठरलेली लग्ने मोडली, माणसे पंगतीतून उठवली गेली. वास्तविक कुष्ठरोग हा वेगळाच रोग आहे. त्याचे जंतू नॉर्वे देशातील हॅन्सेन या डॉक्टरांनी १८७३ साली शोधून काढले. हे जंतू मज्जातंतूंना इजा करतात. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि बहुधा बधिर असतो. डॉक्टर रोग्याला डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने डागाला हलकेच स्पर्श करतात. स्पर्शाची जागा त्याला बोटाने दाखविता आली नाही, तर पुढील तपासणी होते.

बधिर डाग दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच माणूस दवाखान्यात जाण्याचे टाळतो. उशीर झाल्यास हातापायांची बोटे वाकडी होतात. वेळीच गेल्यास सहा महिने ते एक वर्ष औषधे घेऊन रोग पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. तरीही, घटस्फोटाचे एक कारण म्हणून कुष्ठरोगाचे नाव आपल्या कायद्यांत होते. ते वगळले गेले २०१९ साली.