टॉवरविना धावपट्टी

मध्य प्रदेशातल्या कुक्षीला विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ इंदूरचा, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण त्याहूनही जवळ, सातपुडा ओलांडला की शिरपूरची धावपट्टी लागते. विमानतळ प्राधिकरणाचा नियंत्रक नसलेल्या, मुख्यतः प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा धावपट्ट्या महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेक आहेत. त्यांच्याबद्दल आपण बोलतो ते अपघात झाल्यावरच. गेल्या काही वर्षांतल्या घटना ओळीने मांडल्या, तर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सुरुवातीला टॉवर नव्हतेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा खाली मोकळे मैदान होते. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा म्हणून विमाने पुण्याला हलवावी लागत. आकाशात दुसरे विमान जवळपास नसेच, त्यामुळे डोळे उघडे ठेवून उतरणे पुरेसे होते. आज प्रशिक्षणाच्या धावपट्टीवर एकाच वेळी तीन-चार छोटी सेसना विमाने घिरट्या घालत असतात, आणि मधूनच एखादे चार्टर जेट येऊन उतरते. सेसना साधारण साठ नॉट वेगाने उतरते, जेट त्याच्या दुपटीने. दोघांसाठी पट्टी एकच.

अशा ठिकाणी व्यवस्था चालते ती बोलण्यावर. ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर प्रत्येक वैमानिक आपली जागा सांगत जातो. धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने जाताना ‘डाउनविंड’, वळल्यावर ‘बेस’, पट्टीसमोर आल्यावर ‘फायनल’. बाकीचे ऐकतात, मान वळवून शोधतात आणि आपला क्रम ठरवतात. वारा कुठला हे विंडसॉक सांगतो. पद्धत साधी आहे, चांगलीही आहे, आणि जगभर हजारो ठिकाणी रोज चालते. पण ऐकू येणे आणि दिसणे या दोनच गोष्टींवर ती उभी आहे.

ऐकण्यात गफलत झाली की काय होते ते अमेरिकेतल्या क्विन्सीला १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसले. संध्याकाळी एक छोटे प्रवासी विमान उतरत होते. त्याच वेळी छेदणाऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर विमान उभे होते आणि त्याच्यामागे एक चेरोकी विमान. उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले, चार नंबरच्या पट्टीवरचे विमान थांबणार आहे ना? उत्तर दिले मागच्या चेरोकीने, आणि तेही उतरणाऱ्या विमानातल्याच इशारायंत्राच्या आवाजात अर्धवट बुडाले. वैमानिकांना वाटले, पुढचे विमान थांबले आहे. ते थांबले नव्हते. दोन्ही विमाने छेदबिंदूवर धडकली आणि चौदाही जण गेले. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते, पण दार उघडेना आणि विमानतळावर अग्निशमन दल नव्हते. मला या अपघातातला हा भाग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

आपल्याकडच्या घटनांत मात्र डोळ्यांपुढे अंधार किंवा धुके आलेले दिसते. ३ जानेवारी २०२० च्या रात्री सागरजवळच्या ढाना धावपट्टीवर प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. तीन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, रीव्याच्या चोरहाटा धावपट्टीजवळ रात्रीच्या वेळी विमान मंदिराच्या कळसाला धडकले आणि प्रशिक्षकाचा जीव गेला. महिना तोच, वेळ रात्रीची, आणि दोन्हीकडे धुके. पहिल्या घटनेनंतर मध्य प्रदेशातल्या प्रत्येक धावपट्टीवर हिवाळ्यातल्या रात्रीच्या उड्डाणांसाठी दृश्यमानतेची मोजणी आणि ती मोजणारा जबाबदार माणूस, हे सक्तीचे व्हायला हवे होते. रीव्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा विमानतळ मिळाला. बाकीच्या लहान धावपट्ट्यांनाही हवामानाची तेवढी तरी सोय मिळायला हवी.

बारामतीचा क्रम तर डोळ्यांसमोर आहे. जुलै २०२२ मध्ये एकटी उडणारी शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या शेतात उतरताना जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली, आणि संबंधित संस्थेचे उड्डाण प्रशिक्षण थांबवले गेले. मग २८ जानेवारी २०२६ ची सकाळ. उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे लिअरजेट उतरताना कोसळले आणि विमानातले पाचही जण मृत्युमुखी पडले. केंद्राच्या निवेदनानुसार दृश्यमानता तीन हजार मीटरच्या आसपास होती. डोळ्यांच्या भरवशावर उडण्याची सर्वसाधारण मर्यादा पाच किलोमीटर आहे. पहिल्या प्रयत्नात पट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेले. दुसऱ्या वेळी पट्टी दिसल्याचे कळवले गेले आणि त्यानंतर काही क्षणांत ते पडले. रेडिओवर माहिती देत होते ते प्रशिक्षण संस्थेचे लोक. अपघातानंतर हवाई दलाचे पथक तिथे हवाई वाहतूक नियंत्रण (एटीसी) आणि हवामानाची व्यवस्था सांभाळायला पोहोचले.

कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे, ते तिच्याकडेच राहावे. पण जी व्यवस्था अपघातानंतर लगेच उभी राहू शकते, ती आधीही उभी राहू शकली असती, हे म्हणायला अहवालाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक पट्टीवर पूर्ण टॉवर परवडणार नाही, हे मान्य. स्वयंचलित हवामान केंद्र, रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला रीतसर परवाना, पाण्याने भरलेला एक बंब, आणि दृश्यमानता कमी असेल तेव्हा पाहुणा कितीही मोठा असला तरी ‘आज उतरू नका’ असे सांगण्याचा लेखी अधिकार, एवढे परवडते. यातली शेवटची गोष्ट तर फुकट आहे. शिरपूर, धुळे, खरगोन इथे पुढच्या हिवाळ्यातले धुके उतरण्याआधी ती कागदावर यावी.