टायर बदलले आणि पिकअप आदळायला लागली

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हौसेनं घेणाऱ्यांचा पहिला मोठा खर्च बहुधा टायरवर होतो. कंपनीचे टायर उतरवून जाड नक्षीचे, रुंद दिसणारे टायर चढतात. गाडी रुबाबदार दिसते, फोटो छान येतात. मग काही दिवसांत तक्रारी सुरू होतात: खड्ड्यात दणका बसतो, मागे बसलेल्यांची कंबर धरते, ऐंशीच्या पुढे आवाज घुमतो. गाडी शॉकअप तपासायला जाते आणि मेकॅनिक म्हणतो, शॉकअप ठणठणीत आहेत. तो खरं सांगत असतो. बिघाड टायरच्या निवडीत असतो, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: जाड नक्षीमुळे गाडी कडक चालते

नक्षीनं आवाज वाढतो, हे खरं. पण दणका बसतो तो मुख्यतः टायरच्या बांधणीमुळे आणि त्यात भरलेल्या हवेमुळे. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा, एकाच नक्षीचा ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर दोन बांधणींत मिळू शकतो: एक साध्या गाडीचा, दुसरा ‘एलटी’ म्हणजे लाइट ट्रकचा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर नुसतं बघून फरक कळत नाही. तो कळतो टायरच्या बाजूला कोरलेल्या अक्षरांवरून.

समजा एका टायरवर ‘२६५/६५ आर १७ ११२ टी’ लिहिलंय. ११२ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर १,१२० किलो पेलतो, आणि ही ताकद त्याला साधारण ३५-३६ पीएसआय हवेत मिळते. दुसऱ्यावर ‘एलटी २६५/७० आर १७ १२१/११८ एस’ आणि सोबत ‘लोड रेंज ई’ किंवा ‘१० पीआर’ असं असेल, तर तो १,४५० किलोचा टायर. मात्र ते १,४५० किलो ८० पीएसआय हवेला. म्हणजे तोच भार उचलायला एलटी टायरला जास्त हवा लागते, आणि टायर उभ्या दिशेनं किती कडक वागणार हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. शिवाय त्याची साइडवॉल जाड असते आणि वजनही जास्त. या मापात एका टायरमागे पाच-सहा किलोंचा फरक सहज पडतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं, म्हणून लहान लहान खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी सतत थरथरते.

‘१० पीआर’ म्हणजे आत दहा थर, असंही नाही. ते ताकदीचं मानांकन आहे. प्रत्यक्षातले थर कितीतरी कमी असतात.

यावरून दहा पीआर टायर वाईट ठरत नाही. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशी गाठणाऱ्या पिकअपला मजबूत, भार पेलणारा टायर हवाच. तिथं आरामाचा प्रश्न दुय्यम. पण जिच्या हौद्यात आठवड्यातून एकदा तंबू आणि दोन खुर्च्या पडतात, त्या गाडीला तो चढवणं म्हणजे रोजचा त्रास विकत घेणं. माझ्या मते शंभरातल्या बहुतेक हौशी मालकांना साध्या बांधणीचा ऑल टेरेन पुरतो.

गैरसमज: रिम मोठी तितकी गाडी भारी

हायलक्स १७ आणि १८ इंची अशा दोन्ही रिमवर विकली गेली आहे. १७ इंचीवर माप २६५/६५, तर १८ इंचीवर २६५/६०. गणित करून पाहा. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळपास सारखीच, सुमारे ७७६ मिलिमीटर. पण पहिल्यात साइडवॉल १७२ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्यात १५९. हे १३ मिलिमीटर रबर-हवेचे आहेत, आणि कातळावर किंवा जांभ्याच्या पायरीवर चाक आदळतं तेव्हा दाबलं जातं ते हेच. रिम वाढवून टायर पातळ केला की आरामही जातो आणि दगडाच्या धारेनं साइडवॉल चिरण्याची शक्यताही वाढते. ऑफरोडसाठी खरंच खर्च करायचा असेल, तर ब्रेक बसत असतील त्या मर्यादेत रिम लहान करावी. दिसायला ती कमी आकर्षक वाटते, पण कामाची तीच.

उलट रिम तीच ठेवून टायर उंच केला, तर थोडा आराम वाढतो. पण २६५/६५ ऐवजी २६५/७० घातला की चाकाची उंची साडेतीन टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या आसपास असते. वळण घेताना टायर मडगार्डला घासतो का, हे आधी पाहायलाच हवं.

गैरसमज: हवा कमी ठेवली की झालं

हा सगळ्यात धोक्याचा. जैसलमेरच्या वाळूत हवा १५ ते २० पीएसआयवर आणतात. टायर लांबट पसरतो, रुतत नाही. तिथं वेग कमी असतो म्हणून ते चालतं. तीच हवा ठेवून समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगानं जाणं मात्र जिवावरचं आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि साइडवॉल आतून सुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. एलटी टायर तर आधीच जास्त हवा मागणारा. त्यात कंपनीच्या मूळ टायरच्या आकड्यापेक्षाही कमी भरली, तर तो मऊ वाटला तरी आतून तापतो.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. पिकअपमध्ये अनेकदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. मागच्या चाकांचा आकडा विशेष पाहावा. माल वाहून आल्यावर मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा तशीच राहिली, की रिकामी पिकअप गतिरोधकावर उडतेच. मागे पाटे आहेत, ते ओझ्यासाठी केलेले, रिकाम्या हौद्याखाली ते फारसे वाकत नाहीत. हा पाट्यांचा स्वभाव कुठलाही टायर पूर्ण झाकू शकत नाही, एवढं मान्य करून पुढं जावं.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची. साधारण सहा अंश तापमान वाढलं की दाब एक पीएसआयनं वाढतो, त्यामुळे दुपारी चालून आलेल्या गाडीचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये.

आणि नायट्रोजन? पंपावर सांगतात की त्यानं गाडी मऊ चालते. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. ३५ पीएसआय नायट्रोजन आणि ३५ पीएसआय हवा, दोन्हींचा दणका सारखाच.

गैरसमज: ऑफरोड म्हणजे मड टेरेन

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिलाय, त्याला मड टेरेनची किंमत कळते. ती माती ऑल टेरेनच्या फटींत अशी बसते की चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरतं. मड टेरेनच्या रुंद फटी फिरता फिरता चिखल बाहेर फेकतात. गोव्यात पावसाळ्यात झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेत असेच, किंवा याहून आक्रमक टायर दिसले, ते उगाच नाही.

पण डांबरावर त्याच मोठ्या ठोकळ्यांचा आवाज होतो, काँक्रीटवर तर फारच. ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असल्यानं पावसात ब्रेक दाबल्यावर ओल्या डांबराची पकडही कमी मिळते. आंबोली किंवा वरंध घाट पावसात उतरणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. शिवाय हे ठोकळे एका बाजूनं झिजतात आणि झिजले की आवाज आणखी वाढतो. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करावेत आणि त्याच वेळी बॅलन्सिंग करून घ्यावं. जड टायरचं बॅलन्सिंग जरा जरी चुकलं तरी ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं.

नवे टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. रबर वर्षांगणिक कडक होत जातं, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला ‘नवा’ टायरही कडक चालू शकतो. आणखी एक गोष्ट. रिमवर टायर नीट बसावा म्हणून दुकानदार आधी भरपूर हवा भरतो, आणि गर्दीत ती कधी कधी तशीच राहते. नव्या टायरबद्दल मत बनवण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांची हवा मोजून घ्या.